विषय क्रमांक चार

"तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं, की मी "नाट्यवर्ग घेते" असं सांगायचे. त्यावर सदाशिव पेठेतला पुढचा प्रश्न ठरलेला असे.

"ते कळलं हो. नोकरी कुठे?"

नोकरी आमच्या ह्यांना होती. त्यांच्या पगारावर माझी कला जगली, असं ते आल्यागेल्याला सांगतात. ते खोटं नाही. फक्त त्याच आल्यागेल्यासाठी पोहे मी करत असते, एवढा तपशील त्यांच्या सांगण्यातून गळतो.

माझी पात्रता काय, हेही एकदा सांगून टाकते. कॉलेजात असताना एका स्पर्धेत मी प्रेताचं काम केलं होतं. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत रंगमंचाच्या मधोमध चादरीखाली. परीक्षकांनी माझ्या संयमाचं कौतुक केलं, आणि मी ते कौतुक जरा जास्तच मनावर घेतलं. अजूनही दुपारी मी घटकाभर आडवी झाले की मुलगा दारातून विचारतो, "आई, झोपलीस की तालीम?"

तर एका शाळेचा हॉल आम्हाला शनिवार-रविवार मिळायचा. दुपारी मुलांचा वर्ग, संध्याकाळी मोठ्यांचा. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, त्यामुळे जिन्यात दोन रांगा लागत. वर जाणाऱ्या मुलांचे आईवडील खाली येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांकडे जरा दयेने बघत. आमच्याकडे येणाऱ्यांची कारणंही बदलत गेली. सुरुवातीला लोक म्हणत, "मुलीला नाटकाची आवड आहे." मग म्हणायला लागले, "स्टेज डेअरिंग यायला पाहिजे." मग आलं पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट. एका वडिलांनी तर प्रवेश घेतानाच अट घातली, की सर्टिफिकेटवर नाटक हा शब्द नको, कम्युनिकेशन असा घाला. मी घातला. त्यांच्या चिरंजीवांनी आमच्या बालनाट्यात कोंबड्याचं काम इतकं मनापासून केलं, की नंतर आठवडाभर ते पहाटे घरात आरवत होते. वडील पुन्हा आले. "मॅडम, कम्युनिकेशन सुधारलंय," ते म्हणाले, "पण कोंबड्यांशी."

बाहेरच्यांना वाटतं, नाट्यवर्गात अभिनय शिकवतात. अभिनय फार पुढची गोष्ट. पहिले काही आठवडे आम्ही फक्त चालायला, उभं राहायला, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज न्यायला आणि समोरचा बोलतोय तोवर गप्प बसायला शिकवायचो. यातलं शेवटचं पुण्यात सर्वांत जड जातं. समोरचा बोलत असतो तेव्हा आपला माणूस ऐकत नसतो, त्याचं व्याकरण तपासत असतो.

आणखी एक गोष्ट मी पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या डोक्यात बसवायचे. प्रयोगात एखाद्याने दोन वाक्यं गाळली, दोन पानं गाळली, तरी नाटक मागे आणायचं नाही. जिथे गेलो, तिथून सगळ्यांनी पुढे जायचं. प्रेक्षकांच्या हातात संहिता नसते, तुमचं काय राहिलं ते त्यांना कळत नाही, कळतो तो फक्त तुमचा गोंधळ. हा नियम मी फार अभिमानाने शिकवायचे. वर्गात मुद्दाम मध्येच पानं गाळून सराव घ्यायचे.

मुलं नववीत गेली की वर्ग सोडत. दहावीचं वर्ष जवळ आलं की नाटक हा घरात अपशब्द व्हायचा. अशी कितीतरी चांगली मुलं गेली, आणि ती पुढे भेटली की म्हणत, "मॅम, फार मजा यायची." मजेवर कुणाचं काही अडत नाही, हे मला उशिरा कळलं. मोठ्यांच्या वर्गात गळतीचं कारण वेगळं होतं. हिंजवडीहून गळ्यातलं ओळखपत्र न काढता थेट येणारी मुलं जोरात तयारी करायची, आणि प्रयोग तोंडावर आला की हातात पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभी राहायची. "मॅम, ऑनसाइट मिळालं." म्हणजे अमेरिका. मी "अरे वा!" म्हणायचे, पेढा तोंडात टाकायचे आणि तो गिळायच्या आत बदली माणूस कोण ते ठरवायचे.

याच वर्गात साठेकाका आले. खरं तर त्यांना काकूंनी आणून सोडलं. बँकेने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली, काका घरी बसले, आणि पंधरा दिवसांत त्यांनी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याला चिठ्ठी डकवली. "यांना आठवड्यातून दोन दिवस कुठेतरी बसवा हो," काकू म्हणाल्या. "काल माझ्याकडे वाटीभर साखरेचा हिशेब मागितला."

काकांना मी प्रॉम्प्टर केलं. प्रॉम्प्टर म्हणजे पडद्याआड संहिता घेऊन बसणारा माणूस. नट अडला की पुढचा शब्द हळूच सुचवायचा. काका हळूच सुचवत नसत. नटाने 'परंतु'च्या जागी 'पण' म्हटलं, की आतून स्पष्ट आवाज यायचा, "परंतु!"

शालन या वर्गात आली ती तिच्या मुलीमुळे. पूजा मुलांच्या वर्गात होती. वारज्याहून मुलीला आणायचं, आणि परत जाऊन पुन्हा यायचं म्हणजे सगळा वेळ रस्त्यात, म्हणून शालन वर्ग सुटेपर्यंत पायरीवर बसून असायची. चाळिशीची, डोक्यावर पदर, हातात निवडायला घेतलेली मेथी. एके दिवशी जाताना मला म्हणाली, "ताई, रागावू नका. पन तुमचा राजा असा चालतोय, जनू डेअरीतनं दूध आनाया निघालाय."

बालनाट्यातल्या त्या राजाला शिकवून मी थकले होते. म्हटलं, "मग तूच ये आत, दाखव कसं चालायचं ते."

"मी? या बया!" म्हणाली, आणि पुढच्या शनिवारी मोठ्यांच्या वर्गात येऊन बसली. मेथीसकट.

मोठ्यांना मी पहिल्या दिवशी आपल्या घराबद्दल दोन मिनिटं बोलायला सांगायचे. सगळे फ्लॅटचं क्षेत्रफळ सांगत. शालनने म्हसोबाची गोष्ट सांगितली. त्यांच्या वावराच्या बांधावर म्हसोबाचा दगड होता. वावर बिल्डरला गेलं, इमारती उभ्या राहिल्या, आणि म्हसोबा सोसायटीच्या पार्किंगमागे राहिला. दर अमावस्येला शालन नैवेद्याचं ताट घेऊन जाते, तर गेटवरचा वॉचमन विचारतो, कुणाकडे जायचंय? फ्लॅट नंबर?

"मग तुम्ही काय सांगता?" वर्गातल्या केदारने विचारलं. तो सॉफ्टवेअरमधला, स्वभावाने गरीब, आवाजाने खणखणीत.

"सांगती, म्हसोबाकडं. तर म्हनतो, आधी फोन करून विचारतो."

वर्ग हसून लोळला. शालन हसली नाही. "खरंच फोन लावला हो त्यानं. सेक्रेटरीला," ती म्हणाली.

त्यातूनच आमचं त्या वर्षीचं नाटक उभं राहिलं. एका नव्या सोसायटीची वार्षिक सभा, एवढंच नाटक. केदार अध्यक्ष. एक विषय संपला की त्याने टेबलावर हात आपटून म्हणायचं, "पुढचा विषय!" मग सचिवाने फाइलमध्ये बघून पुकारायचं, विषय क्रमांक अमुक. नव्या नटांना लक्षात ठेवायला सोपं. पार्किंग, लिफ्ट, पाण्याची टाकी, आणि चौथा विषय म्हसोबाच्या वाटेचा. तेव्हा शालनने ताट घेऊन यायचं. तेवढाच तिचा प्रवेश, पण सगळं नाटक त्याच्यासाठी रचलेलं. पाचवा विषय भटकी कुत्री.

तालमी सुरू झाल्या आणि एका शनिवारी शालनचे यजमान जीप घेऊन आले. पांढरे कपडे, पायांतल्या वहाणा दाराबाहेर काढून आत आले. बोलणं अगदी अदबीचं.

"ताई, पोरीचं ठीक हाय. साळंतलंच एक म्हनायचं. हिचं मला आता कळलं. मी काय लगेच न्हाई म्हनत न्हाई. तुमच्या नाटकाला घरातली समदी घेऊन येनार, म्होरच्या रांगेत बसनार. आमच्या घरची बाई काय करती ते बघनार. पटलं तर पटलं. न्हाई तर दोघींचं बी बंद. आईचं बघूनच पोरगी शिकती."

"त्यात वावगं काही नाही हो," मी म्हणाले.

"न्हाई, तुमी म्हनता तर नसंल. पन बघनार."

ते गेल्यावर शालन मला म्हणाली, "ताई, एकच डाव हाय माझा. पोरीचा बी त्यातच."

त्यानंतर तिने घरी कशी तालीम केली ते मला पूजाकडून कळायचं. भाकरी थापताना आई परातीशीच भांडते, म्हणायची.

प्रयोग दोन आठवड्यांवर आला आणि सचिवाचं काम करणारा मुलगा पेढे घेऊन आला. मी "अरे वा!" म्हटलं. पेढा गिळायच्या आत साठेकाका उभे राहिले.

"मला पाठ आहे," ते म्हणाले. "सचिवाचंच नव्हे, सगळ्यांचं."

ते खरं होतं. शिवाय हातात फाइल घेऊन दुसऱ्याला तुच्छतेने बघणं ही भूमिका काका उभा जन्म करत आले होते. सचिव झाले काका, आणि संहिता घेऊन पडद्याआड बसले मी.

प्रयोग रविवारी संध्याकाळी, गावातल्याच एका छोट्या नाट्यगृहात. पहिली रांग वारज्याने भरलेली. यजमान मधोमध, शेजारी त्यांची आई, मग दीर, जावा, मुलं. सगळे फोटो काढायला बसावं तसे ताठ. शालन माझ्या शेजारी विंगेत उभी, हातात पितळी ताट. त्यात खरी पुरणपोळी. लुटुपुटूची चालेल असं मी सांगितलं होतं. "देवाला लुटुपुटूची?" म्हणून तिने सकाळी पुरण घातलं होतं.

पार्किंग छान झालं. लिफ्टला हशा मिळाला. पाण्याची टाकी संपली, शालनने ताट सावरलं, केदारने टेबलावर हात आपटला, "पुढचा विषय!"

काकांनी घसा साफ केला. "विषय क्रमांक पाच. भटकी कुत्री."

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. तेवढ्यात दोन सभासद उठून कुत्र्यांवर भांडायलाही लागले. कुणाचा चेहरा हलला नाही, कुणी अडखळलं नाही. काय गुणाची मुलं! मी शिकवलं होतं तस्सं. नाटक पुढे गेलं, सगळे त्याच्याबरोबर पुढे गेले. आणि सगळी उडी शालनच्या डोक्यावरून गेली.

प्रत्येक विषयाच्या शेवटी तेच वाक्य ठेवायचं, म्हणजे काय होतं, ते मला त्या क्षणी कळलं. सगळी दारं एकसारखी असली की माणूस चुकीच्या खोलीत शिरतो.

"काका, चार! चार!" मी विंगेतून कुजबुजले. काकांनी ऐकलं. मान किंचित वळवून त्यांनी माझ्याकडे एक कटाक्ष टाकला, मला पाठ आहे, अशा अर्थाचा, आणि आवाज चढवून पुढे चालू ठेवलं.

"माझं गेलं?" शालनने विचारलं.

"थांब. काहीतरी करते."

"काय करनार?"

 पडदा पाडावा, तर तमाशा होईल. कुत्र्यांनंतर म्हसोबा घुसवावा, तर कुत्र्यांच्या विषयातच म्हसोबाचा निकाल लागल्याचा उल्लेख येणार, सगळंच उलटंपालटं. मला माझा तो सुंदर नियम आठवत होता आणि दुसरं काहीही सुचत नव्हतं. प्रेताच्या कामात निदान काही सुचावं लागत नाही.

शालन पडद्याच्या फटीतून पहिल्या रांगेकडे बघत होती. "मालक घड्याळ बघत्यात," ती म्हणाली. मग तिने पदर डोक्यावर नीट घेतला, ताट दुसऱ्या हातात घेतलं आणि मला काही न विचारता रंगमंचावर गेली.

कुत्र्यांचं भांडण ऐन रंगात होतं. ती मधोमध जाऊन उभी राहिली तसे सगळे गप्प झाले. केदारचं वाक्य होतं, "बाई, आपण कोणत्या फ्लॅटच्या?" पण ते चौथ्या विषयातलं. म्हणावं की न म्हणावं, या पेचात तो तोंड उघडं ठेवून बसला.

"सेक्रेटरी," शालन म्हणाली, "चार नंबरचा विषय राहिलाय."

काकांनी फाइलमधून डोकं वर न काढता उत्तर दिलं. "चौथा विषय झाला."

हे नाटकातलं नव्हतं. काकांना खरोखरच तसं वाटत होतं.

"न्हाई झाला."

"झाला. मी स्वतः पुकारला."

"तिनावरनं पाचावर गेलात तुमी. टाकी झाली न् कुत्री आली. मधला म्हसोबा कुठं गेला?"

प्रेक्षकांत हशा पिकला. काका चिडले. "बाई, बँकेत हयात गेली माझी. आकडा चुकत नाही."

"मग बँकेत जाऊन इचारून या, तिनाच्या म्होरं काय येतं. मी थांबती. ताट जड हाय, पन थांबती."

नाट्यगृह दणाणलं. काकांनी फाइल मिटली. चष्मा कपाळावर सरकवला आणि भर रंगमंचावर बोटांवर मोजायला घेतलं. पार्किंग, लिफ्ट, टाकी. तिथे बोट थांबलं. विंगेतून मला त्यांचा चेहरा अर्धाच दिसत होता, पण अर्ध्यावरूनही कळलं. मला वाटलं, हा माणूस आता उठून निघून जाईल, किंवा खरं-खोटं करत बसेल.

काका उभे राहिले. "अध्यक्ष महाराज," ते म्हणाले, "सचिवांची चूक झाली आहे." "विषय क्रमांक चार."

तिसऱ्या रांगेत एकट्या बाईने कडकडून टाळी वाजवली. त्या साठेकाकू होत्या. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ऐकलं हो," त्या मला नंतर म्हणाल्या, "राहवलं नाही."

केदार भानावर आला. "बाई, आपण कोणत्या फ्लॅटच्या?"

"कुठल्याच न्हाई," शालनने आपलं पहिलं लिहिलेलं वाक्य घेतलं. "तुमचा फ्लॅट माझ्या गव्हाच्या वावरात हाय."

पुढचा प्रवेश मी संहिता मांडीवर उघडी ठेवून बघितला, पान उलटायची शुद्ध नव्हती. तालमीत ती हे बोलताना जरा घाई करायची. त्या दिवशी तिला कसलीच घाई नव्हती. सगळ्यात मोठं संकट होऊन गेलेलं होतं, आता नुसतं बोलायचं राहिलं होतं. अध्यक्षांनी शेवटी नियमावर बोट ठेवलं, की पार्किंगमधून बाहेरच्यांना वाट देता येत नाही. तिने ताट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मग म्हसोबालाच इचारा, भाड्यानं घेतलीय का जागा म्हनून. आन् त्यो काय म्हनतो, ते मला फोन करून कळवा." पहिल्या रांगेतून तिच्या सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "बरोबर हाय!" आणि ती ताठ बसलेली रांग एकदम सैल झाली.

शालन आत आली. बाहेर केदारचा हात टेबलावर पडला. काकांनी पूर्ण गांभीर्याने पुकारलं, "विषय क्रमांक पाच. भटकी कुत्री. उर्वरित."

हे वाक्य त्या नाटकाला पुढच्या प्रत्येक प्रयोगात चिकटलं. आपण ते लिहिलं असतं तर, असं मला अजून वाटतं. नाटक मागे आणायचं नाही हा नियम मी नंतरही शिकवला, पण जरा हळू आवाजात.

प्रयोगानंतर मेकअपच्या खोलीत सगळे एकदम बोलत होते. शालन आरशासमोर बसून चेहऱ्याला खोबरेल लावून रंग पुसत होती. यजमान दारात येऊन उभे राहिले तसा सगळ्यांचा आवाज खाली आला. ते आत आले नाहीत. त्यांनी काकांकडे बघितलं.

"तुमीच का ते सेक्रेटरी?"

"दुर्दैवाने," काका म्हणाले.

"माझ्याशी बी अशीच भांडती. घरात."

"मग? जिंकतं कोण?"

बाहेर त्यांच्या जीपचा हॉर्न वाजायला लागला होता. यजमानांनी मला नमस्कार केला. "ताई, पोरीचं चालू ठेवा."

मी मान हलवली. शालनने मागे वळून बघितलं नाही. आरशातच बघत, गालावरचा कापूस न थांबवता तिने विचारलं, "आन् माझं?"

"तुझं काय," ते म्हणाले, "कुनी सांगून तू थांबतीस व्हय?"

आणि दाराशी आणून ठेवलेलं पितळी ताट उचलून ते जीपकडे गेले.

पुढच्या शनिवारी शालन आली, पण उशिरा. उशिरा येणाऱ्याने सतरंज्या झटकायच्या, असा आमच्याकडे नियम होता. मी तिच्याकडून सगळ्या झटकून घेतल्या.